सही तिची, शिट्टी कोणाची

सूनबाईला इंजिनिअरचं लायसन मिळालं तेव्हा मी कॉलनीत पेढे वाटले. नुसते वाटले नाहीत. प्रत्येक घरी बसून, पाणी पिऊन, लायसन म्हणजे काय ते समजावून वाटले. शेजारच्या रिटायर मास्तरांना म्हटलं, "आता हिची सही असल्याशिवाय तुमच्या घराचा नकाशा पास होणार नाही." ते म्हणाले, "आमचं घर बांधून झालंय, नाना." मी म्हटलं, "पडेल कधीतरी." मास्तरांनी पेढा अर्धाच खाल्ला.

सांगायचा मुद्दा, त्या लायसनचा मला अभिमान होता. सहीखाली तिचा गोल शिक्का उमटतो. आमच्या सात पिढ्यांत अंगठ्याशिवाय काही उमटलं नव्हतं. मी स्वतः चौथी पास. घरातली, म्हणजे आमची बायको, म्हणते चौथी नापास. खरं असं की मी पाचवीत गेलो नाही, आणि न जाणं म्हणजे नापास होणं नव्हे.

तर असं सगळं छान चाललेलं असताना एका रात्री जेवताना सूनबाई म्हणाली, "नाना, मी अजून एक परीक्षा द्यायची म्हणते."

"कशाची?"

"प्रोजेक्ट मॅनेजमेंटची. सर्टिफिकेट मिळतं."

"त्यात काय शिकवतात?"

"काम कसं चालवायचं ते. कोणतं आधी, कोणतं नंतर, कोणाला काय सांगायचं, कुठे अडेल, अडलं तर काय करायचं."

"म्हणजे मुकादमी."

"तसंच म्हणा."

माझा शेवभाजीचा घास हातात राहिला. मुकादमीची परीक्षा! मी उमेदीची सगळी वर्षं रावेरकडे केळी कापणीच्या टोळीचा मुकादम होतो. केळीच्या बागेत दोन ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही. कोण घड कापतोय, कोण वाहतोय, कोण पानाखाली झोपलाय, काही कळत नाही. म्हणून माझ्या गळ्यात शिट्टी असायची. एक शिट्टी मारली की कापणं थांबायचं, दोन मारल्या की बांधावर घड यायचे, लांब मारली की जेवण. ट्रकमध्ये केळीची पानं अंथरायची, त्यावर घड उभे लावायचे, आणि माल दिल्लीला पोचेपर्यंत काळा पडता कामा नये. हे मला कोणी फळ्यावर शिकवलं नाही. आणि आता मुकादमीसाठी इंग्रजी पुस्तक?

मी म्हटलं, "बेटा, डॉक्टर झालेल्या माणसाने कंपाउंडरची परीक्षा द्यावी का?"

"नाना, ते तसं नाहीये."

"तू घोड्यावर बसलेली आहेस. खाली उतरून लगाम कशाला धरायचा?"

"घोडा लगाम धरणाऱ्याचं ऐकतो, नाना. बसणाऱ्याचं नाही."

मुलगा ताटात बघून जेवत होता. तो भुसावळला नोकरीला. सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळच्या गाडीने येतो, आणि मधल्या वेळात घरात जे होतं त्यावर त्याचं एकच मत असतं, "तुमचं तुम्ही बघा." तेच तो म्हणाला. घरातली म्हणाली, "चौथी नापास माणूस परीक्षेवर बोलतोय."

मी ताटावरून उठलो. भाजी संपली होती हा भाग वेगळा.

त्यानंतर पहाटे उठून तिचा अभ्यास सुरू झाला. मी तिला अडथळा आणला असं घरातली सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. मी फक्त बातम्या जरा मोठ्या आवाजात लावायला लागलो. माणसाला जगाची माहिती पाहिजे. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला मी विचारायचो, "लायसन असलेल्या इंजिनिअरला अजून कागद लागतो का हो?" दूधवाला म्हणाला नाही. कटिंगवाला म्हणाला नाही. मास्तर म्हणाले, "विषय खोल आहे." म्हणजे तेही नाहीच म्हणाले. एवढी माणसं चुकत नसतात.

मग स्लॅबचा दिवस आला.

जळगावातच एका दुकानांच्या इमारतीचं काम चाललं होतं. नकाशा तिचा, सही तिची. ती सकाळी डबा विसरून गेली म्हणून घरातलीने मला डबा घेऊन पाठवलं. मी गेलो तर वर लोखंडाची जाळी अंथरलेली, खाली मिक्सर घरघरतोय, आणि सूनबाई डोक्यावर पिवळी टोपी घालून ठेकेदाराच्या माणसाला सांगतेय, "त्या कोपऱ्यातल्या सळ्या नकाशाप्रमाणे नाहीत. दुरुस्त होईपर्यंत माल टाकायचा नाही."

"हो मॅडम," तो म्हणाला. चांगला गुटगुटीत गडी, तोंडात गुटखा.

आम्ही कडेला एका फळीवर डबा उघडून बसलो. तिने पहिला घास तोंडात घातला तोच वर माल टाकल्याचा आवाज आला. ती तशीच उष्ट्या हाताने जिना चढली. मी मागून गेलो. कोपऱ्यापासून जरा अलीकडे काँक्रीट पडायला लागलं होतं.

"मी थांबा म्हटलं होतं ना?"

"थांबलो होतो मॅडम."

"किती वेळ?"

"तुम्ही जिना उतरेपर्यंत." आणि हसला. बाकीचेही हसले. "तुम्ही नका टेन्शन घेऊ. तुम्ही सही करा, बाकी आम्ही बघतो."

तिने मालकाला फोन लावला. फोनमधला आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "मॅडम, तुम्ही डिझाइनचं बघा. काम कसं चालवायचं ते त्यांना बघू द्या."

तिने फोन ठेवला, खाली आली आणि मिक्सरच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली. नुसती उभी. ती तिथून हलेपर्यंत मिक्सरचं तोंड उघडणं शक्य नव्हतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बाबा, समजवा तुमच्या पोरीला." मी म्हटलं, "मी समजवून कंटाळलो. तू प्रयत्न कर."

शेवटी सळ्या दुरुस्त झाल्या. दुपार टळली, डब्यातल्या भाकरीचा पापड झाला, गडी तोंडं फुगवून काम करत राहिले. परत येताना स्कूटीवर मी मागे बसलो होतो. ती म्हणाली, "नाना, उद्या ते छत खाली आलं तर पोलीस सहीवरचं नाव वाचून माझ्याकडे येतील. पण थांबा म्हटलं तर थांबायचं की नाही, ते दुसराच ठरवतो."

मी म्हटलं, "पुढे बघून चालव." रस्त्यात खड्डे होते.

पण मला माझी टोळी आठवत होती. समजा केळी काळी पडली तर व्यापारी मला धरणार, आणि शिट्टी मात्र दुसऱ्याच कोणाच्या गळ्यात. मी एक दिवस टिकलो नसतो. आणि ही पोरगी इतकी वर्षं बिनशिट्टीची मुकादमी करत होती, शिवाय वरून सही.

घरी आल्यावर तिने बाकीचं सांगितलं. धुळ्याला एक मोठा दवाखाना बांधायचा होता. तिथले डॉक्टर नवरा-बायको तिचं काम बघून गेले होते. त्यांना नकाशावाली नको होती. पायापासून रंगापर्यंत सगळं काम चालवणारी बाई पाहिजे होती. ठेकेदार, प्लंबर, लाइटवाले सगळे तिच्या हाताखाली. मात्र अट होती, हे सर्टिफिकेट पाहिजे. दसऱ्याला पाया घालायचा होता आणि त्याच्या आत परीक्षेची एकच तारीख मिळत होती. ती हुकली तर डॉक्टर दुसरा माणूस बघणार.

"आधीच का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"बातम्या चालू होत्या, नाना."

मी माझं मत बदललं नाही, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. कागदाने माणूस काम करत नाही. पण त्या गुटखेवाल्याला कागद दाखवल्याशिवाय ऐकू येत नसेल, तर त्याच्या कानासाठी कागद आणावा. औषध आपण घेत नसलो तरी आजाऱ्याला देतोच की.

परीक्षा घरीच द्यायची होती, आपल्या कॉम्प्युटरवर. मला वाटलं बरं झालं, सोय झाली. पण नियम ऐकले तेव्हा घाम फुटला. खोलीत ती एकटी पाहिजे. दार बंद. टेबलावर कागदाचा कपटा नको. कॅमेऱ्यातून कुठल्यातरी देशातला माणूस तिच्यावर नजर ठेवणार. मध्ये एक सुट्टी, तेवढ्यात उठायचं. दुसरं माणूस आत आलं, किंवा कोणी बोलल्याचा आवाज त्याला ऐकू गेला, तर तो परीक्षा तिथेच बंद करू शकतो. मग तारीख गेली, धुळं गेलं, सगळं गेलं.

आता आमची कॉलनी कशी, तर सकाळी भाजीवाला भोंगा लावून येतो, मागून भंगारवाला, मग कुल्फीवाला. समोर पिठाची गिरणी. शिवाय आमच्या घरात घरातली आहे, जी फोनवर बोलते तेव्हा पलीकडच्याला फोनची गरज नसते.

सूनबाईने आम्हा सगळ्यांना बसवून कामं वाटली. नवऱ्याने रजा काढून इन्व्हर्टर आणि इंटरनेट सांभाळायचं. सासूने स्वयंपाक पहाटेच उरकायचा, त्यानंतर भांड्याला भांडं लागता कामा नये. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाना, सगळ्यात अवघड काम तुमचं. गेट. बाहेरचा एकही आवाज आत येता कामा नये. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही."

ते खरंच होतं.

आदल्या दिवशी मी सगळ्यांकडे फिरलो. भाजीवाल्याला मागच्या गल्लीने जायला लावलं. तो म्हणाला, "कोणी वारलं का, नाना?" मी म्हटलं, "उद्या भोंगा वाजला तर वारेल." गिरणीवाल्याने दळण बंद ठेवायला नाही म्हटलं, तेव्हा मी त्याच्या दारातच बसून राहिलो. त्याला वाटलं मी उठेन. तो मला ओळखत नव्हता. दिवेलागणीला त्याने हात जोडले. मास्तर आपणहून म्हणाले, "मी उद्या खोकणार नाही." त्यांना जुना खोकला आहे, त्यामुळे मला त्यांचा मोठेपणा वाटला.

परीक्षेच्या दिवशी दहाला तिने दार लावलं. मी गेटबाहेर लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलो, मांडीवर काठी. गल्ली अशी शांत की पान पडलेलं ऐकू येत होतं. मी दोन पानांकडे रागाने बघितलंसुद्धा. आयुष्यभर शिट्टी मारून आवाज काढला, त्या दिवशी न मारता शांतता काढली. अकरा वाजून गेले तरी भोंगा नाही, गिरणी नाही, खोकला नाही.

आणि कोपऱ्यावर रिक्षा थांबली. त्यातून माझे याही उतरले.

याही म्हणजे व्याही, सूनबाईचे वडील. शिंदखेड्याकडचे. कापसाचे शेतकरी, अंगाने आडवे, स्वभावाने उभे. मला जिद्दी म्हणतात, पण याही जिद्दीत माझे मास्तर शोभतील. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं मडकं. त्यांनी लांबूनच दोन्ही हात वर केले, मडक्यासकट, आणि छाती भरून श्वास घेतला.

मी तो श्वास ओळखला. हा रामरामचा श्वास होता. याहींचा रामराम बांधावरून मारला तर दुसऱ्या शिवारातले बैल मान वर करतात. मी धावलो. या वयात धावलो, आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

आमच्याकडे याही दारात आला तर पहिल्यांदा गळाभेट, मग पाय धुवायला पाणी, मग चहा, मग बायकांची चेष्टामस्करी. याहीच्या तोंडावर हात ठेवल्याचं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

"परीक्षा चालू आहे," मी कानात म्हटलं. "हळू बोला."

आता हळू बोलायचं म्हणजे मोठीच पंचाईत. खानदेशात आम्हाला हळू बोलायची सवय नाही. आमच्याकडे गुपितसुद्धा या बांधावरून त्या बांधावर सांगतात. याहींनी प्रयत्न केला. तोंडातून आवाजाऐवजी वाफ आली.

"मी मनी पोरले दही देवाले उनू," ते म्हणाले. मुलीच्या हातावर दही-साखर ठेवायला आले होते. महत्त्वाच्या कामाला निघताना देतात तसं. पहाटेची एसटी चुकली म्हणून उशीर झाला होता.

"आता नाही. सुट्टी होईल तेव्हा."

"दार काबरं लावेल शे?"

"नियम आहे."

"मी तिना बाप शे!"

"बापालाही नियम आहे."

याही सरळ झाले. मिशी थरथरली. "याहीले दारमा उभं करतस तुम्ही?"

मला ते लागलं. कारण खरंच होतं. मुलीच्या बापाला तिच्या सासऱ्याने गेटवर अडवलं, ही गोष्ट शिंदखेड्याच्या बाजारात संध्याकाळपर्यंत पोचली असती आणि माझ्या नातवंडांच्या लग्नात पुन्हा निघाली असती. आमच्यात यापेक्षा लहान गोष्टीवरून घराघरांचं येणंजाणं तुटलेलं आहे. पण आत घेतलं तर याही गप्प बसणार नाहीत, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. घर छोटं, भिंती पातळ, आणि याहींना साधी शिंक आली तरी पंखा हलतो.

"मी चालनू," याही वळले. "बठ्ठा गावले सांगसू." म्हणजे सगळ्या गावाला सांगणार.

मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला. मी पुन्हा धरला. दोन म्हातारे भर रस्त्यात एकमेकांचे हात ओढतायत, तोंडं लाल, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि आवाज शून्य. मास्तर खिडकीतून बघत होते. त्यांना वाटलं आपल्यालाच ऐकू यायचं बंद झालं. ते कानात बोट घालून हलवायला लागले.

शेवटी मी म्हटलं, "याही, तुम्ही आत जाऊ शकत नाही, तर मीही जात नाही. तुमच्यासोबत रस्त्यावर बसतो. सांगा गावाला, दोघांनाही बाहेर बसवलं म्हणून."

याहींनी हात ओढणं थांबवलं. अपमान वाटून घेतला की त्याची चव जाते.

मी दुसरी खुर्ची आणली. घरातलीने फाटकाच्या फटीतून तांब्याभर पाणी दिलं, याहींचे पाय मी रस्त्यावरच धुवायला लावले, आणि तिने रीतीप्रमाणे याहींची पिशवी आणि मडकं आत नेलं. पाहुण्याचं सामान बाहेर ठेवत नाहीत. पाहुणा ठेवला तरी.

थोडं थंड झाल्यावर याहींना बोलायचं सुचलं. म्हणजे वाफेत. लायसन असताना ही परीक्षा काबरं, असा त्यांचाही सवाल होता. मला आनंद झाला. माझ्याच मताचा माणूस भेटला होता. पण का कोण जाणे, मी त्यांना स्लॅबची गोष्ट सांगितली. मिक्सरसमोर उभी राहिलेली त्यांची पोरगी हातवारे करून दाखवली. याहींनी मिक्सर केवढा होता ते मला पुन्हा दाखवायला लावलं. मग म्हणाले, "मायवर गयी."

म्हणजे आईवर गेली. मिशी मात्र ताठ झाली होती.

मग खूश होऊन त्यांनी मला त्यांच्या नव्या फोनचं कौतुक सांगितलं. बटणांचा फोन, पण दर तासाला त्यातली बाई वेळ सांगते. शेतात हात मातीचे असतात, फोन काढायला नको. आवाज असा खणखणीत, की पंप चालू असला तरी ऐकू येतो.

"कुठे आहे फोन?" मी विचारलं.

"पिशवीमा."

पिशवी आत होती. स्वयंपाकघरात. सूनबाईच्या खोलीच्या भिंतीला लागून.

मी मुलाचं जुनं घड्याळ हातात घालतो. त्याचे दोन्ही काटे एकमेकांना भेटायच्या बेतात होते.

चपला काढल्या आणि आत शिरलो. मी माझ्याच घरात चोरासारखा कधी चाललो नव्हतो. गुडघे दर पावलाला कडकड वाजत होते. त्यांना मी काही सांगू शकत नव्हतो. मुलगा इन्व्हर्टरजवळ बसलेला होता, त्याने मला बघून डोळे विस्फारले. मी बोट ओठांवर ठेवलं. पिशवीत हात घातला. भुईमुगाच्या शेंगा. अजून शेंगा. धोतर. टॉवेल. याही एका दही-साखरेच्या कामाला अख्खं शेत घेऊन आले होते. तळाशी फोन सापडला. बटणं बघितली, सगळी सारखीच. बंद कोणत्या बटणाने होतो ते मुलाला विचारता आलं असतं, पण बोलायची बंदी मीच घातली होती. बाहेर न्यायला वेळ नव्हता. समोर गव्हाची कोठी होती. झाकण काढलं आणि फोन गव्हात खुपसला, पार खांद्यापर्यंत हात घालून.

आणि गव्हातून बाई बोलली. "दोपहर के बारह बजे हैं."

दबलेली होती, पण बोलली. आणि थांबली नाही, पुन्हा एकदा तेच म्हणाली. मी कोठीवर पोटाने आडवा झालो, जणू बाई उठून बसेल. भिंतीपलीकडे शांतता. मी श्वास घेतला नाही. मुलानेही नाही. मनात म्हटलं, गेलं धुळं. एवढी गिरणी बंद पाडली, भोंगा अडवला, आणि शेवटी आपल्याच कोठीतून घात.

घरातली आली. तिने मला हाताने बाजूला सारलं, गव्हातून फोन काढला, केसातल्या पिनेने मागचं झाकण उघडलं आणि बॅटरी काढून माझ्या तळहातावर ठेवली. माझ्याकडे असं बघितलं की मी चौथीत तरी बसलो होतो का, अशी मलाच शंका आली.

थोड्या वेळाने दार उघडलं. सुट्टी झाली होती, परीक्षा बंद पडली नव्हती. सूनबाई बाहेर फाटकापर्यंत आली आणि रस्त्यावर आपला बाप बघून थबकली. घरातलीने मडकं बाहेर आणून दिलं, याहींनी त्यातलं दही चमच्याने काढून तिच्या हातावर ठेवलं, वर साखर.

"तुम्ही दोघं भांडलात का?" तिने विचारलं.

"नाही," आम्ही एकदमच म्हणालो, आणि वाफेतच म्हणालो.

ती दही चाटून परत आत गेली. घरातलीने आम्हाला दोघांना ताटं बाहेरच आणून दिली. याहीला रस्त्यावर जेवू घालणारा खानदेशातला पहिला माणूस मीच असेन. येणारे-जाणारे बघत होते. एकाने विचारलं, "पंगत कशाची?" याहींनीच त्याला बोटाने गप्प केलं. आता तेही गेटवरच होते, आणि माझ्यापेक्षा कडक. एका मांजरीला त्यांनी दोन घरं पलीकडे नेऊन सोडलं.

दुपारी कधीतरी दार पुन्हा उघडलं. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "झालं. पास." निकाल पडद्यावर तिथल्या तिथेच दिसला होता.

याहींनी सकाळपासून छातीत धरून ठेवलेला रामराम तेव्हा सोडला. पलीकडच्या गल्लीत भाजीवाला होता, त्याला वाटलं बंदी उठली. त्याने भोंगा लावला. गिरणी सुरू झाली. मास्तर मनसोक्त खोकले.

संध्याकाळी शेंगा भाजून सगळे बसलो होतो. सूनबाई म्हणाली, "नाना, बारा वाजता भिंतीतून कोणी बोललं का?"

"छे."

"कॅमेऱ्यावरच्या माणसाने मला लिहून विचारलं, हा आवाज कसला. मी लिहिलं, घड्याळ."

"खरंच होतं ते," मी म्हटलं. याही शेंगा सोलत राहिले.

मग मी बोलता बोलता विचारलं, या पुस्तकात आपल्याला माहीत नाही असं काय होतं? ती हसायला लागली. म्हणाली, "परीक्षेत काय विचारलं ते सांगायची बंदी आहे. पण पुस्तकात एक धडा आहे, तो सांगते. प्रत्येक कामात एक माणूस असतो, ज्याचं वजन मोठं आणि ज्याला ते काम मान्य नसतं. त्याला टाळायचं नाही, त्याच्याशी भांडायचंही नाही."

"मग?"

"त्याला कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम द्यायचं. आणि सांगायचं, तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही."

मुलगा पहिल्यांदाच शेंगांतून वर बघून हसला. घरातली पदर तोंडावर घेऊन हसली. याहींना उशिरा कळलं, पण हसले ते सगळ्यात मोठ्याने, आणि पंखा हलला.

मी म्हटलं, "मला आधीच माहीत होतं." आणि ते खरंच आहे. टोळीत जो सगळ्यात कुरकुर करायचा त्याला मी ट्रकवर चढवून घड लावायला ठेवायचो. खालून सगळ्यांनी त्याच्याकडे मान वर करून बघितलं की त्याची कुरकुर बंद व्हायची. फक्त त्या ट्रकवर चढल्यावर कसं वाटतं, ते मला माहीत नव्हतं. बरं वाटतं.

आता ती धुळ्याला असते, आठवड्यातून दोनदा घरी येते. दसऱ्याला पाया घातला तेव्हा मी गेलो होतो. तिने 'थांबा' म्हटलं आणि मिक्सर थांबला. तिथे अजून जिना नव्हता, म्हणून मी मुद्दाम तिला पार रस्त्यापर्यंत जायला लावलं. तरी थांबलेलाच होता. माझी जुनी शिट्टी मी खिशातून नेली होती, तिला द्यायला. ती तिने गळ्यात घातली नाही, पर्समध्ये ठेवली. चालेल.

परवा मास्तरांचा पुतण्या आला होता. नवीन इंजिनिअर, नुकतंच लायसन मिळालेलं. सूनबाई घरी नव्हती म्हणून मलाच विचारलं, "नाना, ते सर्टिफिकेट करावं का? लायसन असताना त्याची गरज आहे का?"

मी त्याला खुर्ची दिली. विचारलं, "तुझं कोणी साईटवर ऐकतं का?"

"नाही."

"घरात कोणी म्हातारा आहे का? जिद्दी? काही सांगितलं की आधी नाही म्हणणारा?"

"नाही हो नाना. आजोबा वारले. वडील शांत आहेत."

"मग अवघड आहे," मी म्हटलं. "पुस्तक मिळेल रे, सराव कोणावर करशील?"

तो विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "रविवारी तुमच्याकडे येत जाऊ का?"

मी आधी नाही म्हटलं.